वर्ष संपताना घरातच: पहिल्यांदा आभाराची वही उघडणाऱ्या नागपूरकरांसाठी

डिसेंबर लागला की नागपूर घराबाहेर पडतं. हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्स गजबजते, लग्नसराई सुरू असते, एकतीस तारखेचे बेत ठरत असतात. या धावपळीत घरातलं वर्ष मात्र कुणाच्या लक्षात न येता संपून जातं. आईने काय काय निभावून नेलं, धाकटीला सायकल कुणी शिकवली, आजोबा दवाखान्यातून परत आले तेव्हा शेजारच्यांनी किती धावपळ केली, हे बोलायला कुणी बसतच नाही.

वर्ष संपताना हे घरात बसून बोलायचं, आभार म्हणून एका वहीत लिहायचं, असं ज्यांनी आजवर केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. शिबिर, अ‍ॅप, महागडी डायरी यातलं काहीच लागत नाही. मुलांच्या दप्तरातली अर्धी कोरी वही, दिवसातला अर्धा तास आणि साधारण दहा दिवस पुरतात. २१-२२ डिसेंबरला सुरुवात करा. वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच सुमारास येते, नागपुरात सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो आणि थंडीमुळे माणसं लवकर घरी परततात.

माझं सांगणं एकच आहे, ते पुढे पुन्हा पुन्हा येईल: आभार नेमके हवेत. कुणाचे, कशाबद्दल, कधीचे. 'सगळं छान चाललंय, देवाची कृपा' एवढं म्हणून थांबलं की मनात काही हलत नाही.

पायरी १: आधी मारबत काढा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत अख्खं शहर वर्षभराचा वैताग रस्त्यावर आणतं. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टीकेसाठी केलेल्या पुतळ्यांवर, महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. या शहराला एक गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे: वाईट ते आधी बोलून टाकायचं असतं.

घरातही तेच करा. पहिल्या संध्याकाळी वहीच्या शेवटच्या पानावर या वर्षात काय वाईट झालं ते लिहा. नोकरी गेली, सोयाबीनला भाव मिळाला नाही, भावाशी बोलणं बंद झालं, गुडघे दुखतात. प्रत्येकाने आपलं सांगायचं आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. नियम एकच: कुणी उत्तर द्यायचं नाही. 'अगं पण तुला निदान घर तरी आहे' हे वाक्य त्या संध्याकाळी कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. दुःखाला आभाराने झाकायला गेलं की दोन्ही खोटे वाटू लागतात.

सगळ्यांचं सांगून झालं की पान फाडून कचऱ्यात टाका. पूजा नको, जाळणं नको.

या वर्षी घरातलं माणूस गेलं असेल, तर त्या घराने ही एकच पायरी केली तरी पुष्कळ झालं. गेलेल्या माणसाबद्दल बोला, त्याच्या आवडीचं काहीतरी करून खा. आनंद शोधायची घाई करू नका आणि पाहुण्यांनाही करू देऊ नका.

पायरी २: घरातलं ऊन शोधा

मे महिन्यात आपण उन्हापासून पळतो. कूलरला वाळ्याचे पॅड लावतो, खिडक्या झाकून घेतो. महिन्याच्या अखेरीस तर दुपारचा सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भरदुपारीही दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून आणि गॅलरीतून ऊन आत, पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. हे सुख दोन-अडीच महिन्यांचं असतं आणि बहुतेक घरांत ते रिकाम्या खोलीतच सांडून जातं.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, अकराला आणि दुपारी दोनला घरभर फिरून बघा, ऊन कुठे पडतं. फ्लॅटमध्ये दक्षिणेची बाजू नसेल तर गच्चीवर जा. जागा सापडली की तिथे चटई टाका. मोबाइल आत ठेवा. आजी-आजोबांची खुर्ची आधी तिथे न्या, कारण थंडीचा त्रास त्यांना सर्वांत जास्त होतो आणि ते सहसा मागत नाहीत.

आणि तिथे बसून संत्रं खा. हे मी गमतीने सांगत नाही. या पायरीतलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

डिसेंबरमध्ये बाजारात येतं ते आंबिया बहराचं संत्रं. या झाडांना फुलं येतात जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे जे वर्ष आता संपतंय ते सुरू होत होतं, तेव्हा तुमच्या हातातलं फळ काटोल, नरखेड किंवा वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या बागेत फूल म्हणून उमललं होतं. त्यानंतर एप्रिल-मेचं ऊन, पावसाळा, फळगळ, कीड, सगळं काढून ते इथवर आलं. पुढच्या बहरासाठी बागायतदार झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण देतात, तेही याच थंडीच्या दिवसांत. आपण या वर्षाचं फळ खात असतो तेव्हा पुढच्या वर्षाचं काम बागेत सुरू झालेलं असतं. मुलांना हे सांगा. सोलताना सांगितलं तर ऐकतात.

घेताना दोन गोष्टी बघा. आपलं संत्रं सैल सालीचं असतं, बोटांनी सहज सुटतं. साल घट्ट चिकटलेली आणि आत बियाच बिया असतील तर तो बहुधा उत्तरेकडून आलेला किन्नू. तोही चांगला, पण तो वेगळा. आणि सालीवर थोडी हिरवी झाक दिसली म्हणून फळ परत ठेवू नका; आकाराच्या मानाने हातात जड लागलं तर ते रसाळ निघतं. सालं त्याच उन्हात वाळवून ठेवा, पुढच्या दिवाळीच्या उटण्यात घालता येतील.

पायरी ३: रात्री तीन ओळी

झोपण्यापूर्वी वहीत आजच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हे एका ओळीत लिहायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एवढंच काम एक आठवडा दिलं होतं. सहा महिन्यांनंतरही त्या गटातल्या लोकांना आधीपेक्षा बरं वाटत होतं. फायदा मुख्यतः त्यांना झाला ज्यांनी आठवडा संपल्यावरही कुणी न सांगता लिहिणं चालू ठेवलं.

आता नेमकेपणाची गोष्ट. 'आई चांगली आहे' ही ओळ वहीत चालणार नाही. 'आज पहाटे खूप गार होतं, मला सहाची शिफ्ट होती, आईने माझ्या आधी उठून पाणी तापवून ठेवलं' ही चालेल. 'का' पुढे लिहा: 'काल रात्री मी शिंकत होतो ते तिने ऐकलं होतं.' दुसरी ओळ लिहिताना तुम्हाला कळतं की कुणीतरी तुमच्याकडे लक्ष ठेवून आहे. पहिल्या ओळीत ते कळत नाही.

मोठं काही शोधू नका. ऑटोवाल्याने सुट्टे पैसे परत केले. वरणाला आज हिंगाची फोडणी छान बसली. गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाल्या काकूंनी न मागता सांबाराची जुडी टाकली (बाहेरून नागपुरात आलेल्यांसाठी सांगते, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर). सीताबर्डीच्या गर्दीत कुणीतरी गाडी काढायला जागा दिली.

काही रात्री एकही ओळ सुचत नाही. तेव्हा उलटीकडून या. घरातली एक गोष्ट निवडा आणि ती नसती तर आजचा दिवस कसा गेला असता ते लिहा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं आढळलं होतं की चांगली गोष्ट कशी घडली हे आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर काय, याचा विचार करणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. नळाचं पाणी घ्या. नागपूरला पाणी येतं ते पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. म्हणजे पार जंगलाकडच्या धरणापासून तुमच्या टाकीपर्यंत पंप, जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्र आणि तिथे रात्रपाळी करणारी माणसं आहेत. एक दिवस नळ कोरडा राहिला तर सकाळी सात वाजेपर्यंत घरात काय काय अडेल, ते मोजून लिहा. पान भरतं.

लहान मुलं लिहायला कंटाळतात. त्यांना बोलू द्या, लिहिणाऱ्याने लिहावं. कॉलेजातल्या पोरांना आग्रह करू नका. वही टीव्हीजवळ उघडी ठेवली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वतःच वाचतात, आणि आपलं नाव दिसलं की थांबतात.

पायरी ४: जी रोज रांधते तिला बसवा

नागपूरच्या थंडीत स्वयंपाकघर हीच घरातली सर्वांत आनंदाची जागा. तुरीच्या ओल्या शेंगा येतात, सोलेवांगे होतात, भरताची वांगी भाजली जातात, सांबार स्वस्त आणि कोवळा मिळतो. पण वर्षअखेरचा 'घरगुती आनंद' म्हणून सगळे गप्पा मारत बसले आणि एकटी आई किंवा सून चार तास ओट्यापाशी उभी राहिली, तर त्या आनंदाची किंमत तिने एकटीने भरली. हे मला मनापासून खटकतं, म्हणून ही पायरी जरा सविस्तर सांगते.

एक दिवस ठरवा. त्या दिवशी जी रोज रांधते ती पाटावर किंवा खुर्चीवर बसेल, तोंडाने सांगेल आणि बाकीचे करतील. पदार्थ असा निवडा ज्यात अनेक हात लागतात. सांबारवडी यासाठी फार योग्य आहे.

आदल्या संध्याकाळी सांबार निवडायला बसा. हे काम मुलांचं आणि आजोबांचं. धुऊन रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवा. पानं ओली राहिली तर वडी तेलात फुटते, तेव्हा इथे घाई नको. दुसऱ्या दिवशी बारीक चिरा. तेलावर खसखस, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा कीस परतून घ्या, त्यात आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, तिखट, मीठ घाला आणि गॅस बंद करून मग सांबार मिसळा. वरच्या आवरणासाठी बेसन आणि कणीक किंवा मैदा, ओवा, हळद, मीठ, गरम तेलाचं मोहन, घट्ट भिजवा. पातळ पोळी लाटा, आतून चिंचेच्या कोळात काळा मसाला आणि थोडं तेल कालवून त्याचं बोट फिरवा, मधोमध सारण ठेवून पुडीसारखी घडी घाला, कडा नीट दाबा. मंद आचेवर तळा. बरोबर ताकाची कढी.

तळणं घरातल्या पुरुषांनी घ्यावं. पहिला घाणा फुटला तरी चालेल. बसलेल्या बाईला उठू देऊ नका. ती दहा वेळा उठायला जाईल. भांडीही तुम्हीच घासायची, ओटाही तुम्हीच पुसायचा. जेवताना तिला एक प्रश्न विचारा: 'हे तुला कुणी शिकवलं?' उत्तरात बहुतेक वेळा एखादी आजी, मावशी, वर्धा किंवा भंडाऱ्याकडची चूल आणि तुम्ही कधी न ऐकलेली एक गोष्ट निघते. ती गोष्ट वहीत उतरवा. कृतीही उतरवा, तिच्याच मापांत: 'मूठभर', 'अंदाजाने', 'ही वाटी'. ती वाटी कोणती तेही लिहून ठेवा.

पायरी ५: तोंडावर सांगा

सर्वांत अवघड पायरी हीच. आपल्या घरांत आईला, बाबांना, बहिणीला आभार मानणं परकं वाटतं. 'थँक्यू' म्हटलं तर समोरचा 'काही झालं का तुला?' असं विचारतो. म्हणून तो शब्दच वापरू नका. तीन वाक्यं सांगा: तुम्ही काय केलं, ते कधी केलं, त्याने माझं काय झालं. उदाहरण देते. 'बाबा, मार्चमध्ये माझा निकाल लागला तेव्हा तुम्ही काहीच बोलले नाही, फक्त गाडी काढून मला चहा प्यायला घेऊन गेले. त्या दिवशी मला घरी यायची भीती वाटत होती. नंतर वाटली नाही.' एवढंच. बाबा बहुधा विषय बदलतील. बदलू द्या.

बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहा आणि डब्यात, चष्म्याच्या घरात, औषधांच्या डबीत ठेवा. सेलिगमन यांच्या त्याच अभ्यासात ज्यांचे आभार मानायचे राहून गेले होते अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देण्याचा प्रयोगही होता. लगेचचा आनंद त्यात सर्वांत जास्त दिसला, पण महिन्याभराने तो ओसरत गेला. तेव्हा ही गोष्ट वर्षातून एकदा करून ठेवून देण्याची नाही.

घर म्हणजे फक्त घरातली माणसं नव्हेत. ज्यांच्यामुळे घर चालतं त्यांची यादी करा: कामाला येणाऱ्या मावशी, पहाटेचा पेपरवाला, दूधवाला, कचरागाडीवरचा भाऊ, सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आपण दोन गोधड्यांत होतो तेव्हा यांतले काही जण बाहेर होते. त्यांना नुसती गोड वाक्यं पुरत नाहीत. वॉचमनला चांगल्या प्रतीचं, नवं स्वेटर किंवा कानटोपी द्या. घरातलं विटलेलं देऊ नका. मावशींना एक पगारी सुट्टी द्या, आणि ती कोणत्या दिवशी हवी हे त्यांनाच विचारा. आणि मग ती तीन वाक्यं सांगा: 'मावशी, जुलैत पाऊस धो धो पडून राहिला होता, तरी तुम्ही आल्या. माझा त्या दिवशी इंटरव्ह्यू होता, बाळ तापाने फणफणलं होतं. तुम्ही होत्या म्हणून मी जाऊ शकले.' पैसे हातात ठेवून नजर वळवणं वेगळं आणि हे वेगळं.

एकटे राहत असाल तर

मिहानमधल्या कंपन्या, एम्स किंवा कॉलेजच्या निमित्ताने नागपुरात येऊन खोली करून राहणारे पुष्कळ आहेत. तुमच्यासाठी पायऱ्या थोड्या वळवाव्या लागतील. मारबत मित्राला फोनवर सांगा. तीन ओळी तशाच लिहा. सांबारवडी एकट्याने करू नका; घरमालकीण काकूंना 'शिकवता का?' म्हणून विचारा, इथल्या काकू या प्रश्नाला सहसा नाही म्हणत नाहीत. आणि रविवारी सकाळी खोलीत पडून राहण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री पोहे खायला रूममेटला घेऊन जा.

पायरी ६: बारा फोटो

हे काम २९-३० तारखेला करा. प्रत्येकाने आपल्या मोबाइलमधून महिन्याचा एक, असे बारा फोटो निवडायचे. अट अशी की पोज दिलेला फोटो नको. झोपलेलं मांजर, गच्चीवरचं वाळवण, आजीच्या हातावरची मेंदी, पावसात अडकलेली स्कूटर. एकतीस तारखेला संध्याकाळी बाहेर जाण्याआधी अर्धा तास टीव्हीवर लावून बघा. ज्याचा फोटो त्याने दोन वाक्यं सांगायची. आठ वाजता ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ द्या. घरी बसायची सक्ती केली की पुढच्या वर्षी कुणी येणार नाही.

हे सगळं करूनही मन उठत नसेल तर

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, जगण्याचा कंटाळा आलाय, असं तुमचं किंवा घरातल्या कुणाचं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. वहीत लिहायला काही सुचत नाही याचा अर्थ माणूस कृतघ्न झाला असा होत नाही. कधीकधी तो आजारी असतो.

एक जानेवारीनंतर

रोजचं लिहिणं थांबवा आणि आठवड्यातून एकदा लिहा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासातला एक प्रयोग आठवड्यातून एकदा पाच गोष्टी लिहिण्याचाच होता आणि दहा आठवड्यांत त्याचा चांगला परिणाम दिसला. रोज लिहीत राहिलं की काही लोकांच्या ओळी ठरावीक होऊ लागतात, मग लिहिणं नुसतं उरकणं होतं. रविवार रात्र बहुतेक घरांना सोयीची पडते. ज्यांच्याकडे मार्गशीर्षातला गुरुवार पाळतात त्यांनी गुरुवारच ठेवला तरी छान. त्या दिवशी घर तसंही एकत्र बसलेलं असतं.

पहिला टप्पा संक्रांतीपर्यंतचा धरा. संक्रांतीला तिळगूळ द्यायला ज्यांच्याकडे जाल, त्यांच्यापैकी ज्यांचं नाव वहीत आलंय त्यांना ती ओळ वाचून दाखवा. त्यासाठी निघण्यापूर्वी वही चाळून त्या पानांचे कोपरे दुमडून ठेवा.